बरी झालेली बाई

माझी आत्या गोजर बरी झाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं त्याला आता काही वर्षं झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ गेली. गावानं देवळात नारळ फोडला. सासरच्यांनी पूजा घातली आणि त्या पूजेचा शिरा आत्यानंच केला. त्यानंतर तिनं कुठं दुखतंय म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडायची. बरी झालीस ना, मग आता काय? कॅन्सरमधून वाचलेल्या माणसानं पुढचं आयुष्य हात जोडून, गप्प राहून काढावं, अशी आपल्याकडे समजूत आहे. आत्या गप्प राहिली नाही, म्हणून आता तिला गावात तोंडाळ म्हणतात. ती तोंडाळ कशी झाली ते मला माहीत आहे. बऱ्याच वेळा मी तिच्या शेजारीच उभी होते.

आमचं घर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याकडे. आत्या तिथंच वाढली. लग्न करून तिला शहापूर तालुक्यात दिली, शेणव्यापासून थोडं आत. तिचे यजमान अनंता, आम्ही त्यांना मामा म्हणतो. भाताची थोडी शेती, आणि मामा आसनगावकडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. आत्या अंगानं दणकट. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून अशी चालायची की पुढच्या बायकांना बाजूला व्हावं लागायचं.

गावातल्या शाळेत ती मुलांचं जेवण शिजवायची. खिचडी, उसळ, वरणभात. सगळी पोरं तिला मावशी म्हणत. एखादं पोर ताट तसंच टाकून उठलं तर संध्याकाळी ही त्याच्या दारात हजर. आज का जेवला नाय? घरात भांडण झालं काय? त्या घरातल्यांना ते आवडायचं नाही, पण तिला फरक पडायचा नाही. शाळा हे तिचं दुसरं घर होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

पाळी जायच्या वयात तिच्या अंगावरून जायला लागलं. बायकांचं असतंच, म्हणून तिनं बरेच महिने अंगावर काढलं. मग शहापूर, मग कल्याण, मग मुंबई. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली. ऑपरेशन करून उपयोग नाही, लाईट द्यावे लागतील असं डॉक्टर म्हणाले. लाईट म्हणजे पोटाच्या खालच्या भागावर किरण सोडायचे. आमच्याकडे सगळे त्याला लाईटच म्हणतात. मी मुरबाडला मेडिकलच्या दुकानात काम करते, म्हणून मला औषधातलं कळतं असा घरच्यांचा समज. त्यांनी मला आत्याबरोबर धाडलं. आम्ही दोघी हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहिलो. रोज जायचं, रांगेत बसायचं, लाईट घ्यायचा, परत यायचं. शेवटी आतून लाईट देतात ते सगळ्यांत वाईट. ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "वैशू, आत केवढ्या बाया आहेत गो. मी एकटीच नाय."

निघताना आम्हाला सांगितलं, तपासणीला येत राहा, जड उचलू नका, पौष्टिक खा. एवढंच. पुढं काय होऊ शकतं, याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही.

वर्षभर ठीक गेलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झालं. शौचाला लागली की थांबवता यायची नाही. एकदा कळ आली की पुढच्या क्षणाला जागा पाहिजे. कधी नुसतंच रक्त पडायचं. लघवीचंही तसंच, वर आग. मला हे सगळं फार नंतर कळलं, कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या परीनं उपाय काढला होता. सकाळपासून काही खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. सगळ्या शाळेची खिचडी ही बाई रिकाम्या पोटी ढवळायची, आणि घरी येऊन संध्याकाळी काय ते दोन घास खायची.

वर्षातून एकदा मुंबईला तपासणीला यायची, तीही उपाशीपोटी; बाकी बाहेर जाणं तिनं बंद केलं. लग्नं बंद, शहापूरचा बाजार बंद, म्हशाची जत्रा बंद. भाऊबीजेला माहेरी यायचं तर किन्हवलीला आणि सरळगावला जीप बदलावी लागते, आणि मधे बाईमाणसाला आडोसा मिळेल याची खात्री नाही. म्हणून तीही बंद. माझे बाबा दोन वर्षं वाट बघून रागावले. बहिणीला आता भावाची गरज उरली नाय, असं म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं, पण कारण सांगितलं नाही. भावाला काय सांगणार?

नवऱ्यालाही तिनं सांगितलं नव्हतं, पण एका घरात किती लपणार? त्यांच्या दारामागं सरकारी योजनेतला संडास होता, त्यात लाकडं आणि गोवऱ्या भरलेल्या. एका रविवारी मामांनी काही न बोलता तो रिकामा केला, दार बसवलं, पाण्याचा ड्रम ठेवला, बल्ब लावला. पण त्याच मामांनी आपलं अंथरूण पडवीत नेलं. लाईटनंतर बाईला जवळिकीत दुखतं. तिला वाटलं, आपण नवऱ्याला नकोशा झालो. त्यांना वाटलं, आपण जवळ गेलो तर हिला त्रास. दोघंही चांगली माणसं, आणि दोघंही एका भिंतीच्या दोन बाजूंना वर्षानुवर्षं तशीच झोपत राहिली. हॉस्पिटलमध्ये कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर हे टळलं असतं. त्या दोन वाक्यांना काय लागत होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी निभत होतं. प्रश्न शाळेचा होता. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधे ओढा. शाळेत मुलांच्या संडासाला दार नाही आणि पाणी नाही. दुसरा एक चांगला होता, टाइल लावलेला, शिक्षकांसाठी. त्याला कायम कुलूप. किल्ली मुख्याध्यापक सरांकडे. सर वाईट माणूस नव्हते, पण वस्तू वापरली तर खराब होते आणि कुलपात राहिली तर टिकते, असा त्यांचा स्वभाव.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत बाहेरून पाहुणे यायचे होते, शाळा बघायला. सकाळी सगळं झाडून, सारवून झालं. सरांनी आत्याला तो शिक्षकांचा संडासही धुवायला सांगितला. तिनं फिनेल टाकून तो लख्ख धुतला, बादली भरून ठेवली, आणि सरांनी कुलूप लावलं. मग ती स्वयंपाकाला लागली. खिचडीला फोडणी पडली आणि तिला कळ आली. तिनं हाताखाली असलेल्या भिमाला पातेल्याकडे बघायला सांगितलं आणि सरांकडे जाऊन किल्ली मागितली.

सर म्हणाले, "जरा थांबा ना गोजरबाई. पाहुणे येऊन जाऊ देत. आत्ताच धुऊन घेतलंय."

कुणी धुतलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

ती घराकडे निघाली. पळाली म्हणा. ओढ्यापर्यंतही पोचली नाही. बोअरिंगजवळ सगळं झालं. पाण्याला आलेल्या बायकांनी बघितलं. त्याच वेळी रस्त्यानं पाहुण्यांची गाडी आली. तिनं तिथंच बोअरिंगवर साडी अंगावरच धुतली, तशीच घरी गेली, आंघोळ केली, दुसरी साडी नेसली आणि शाळेत परत आली. कारण मुलांची वाढायची वेळ झाली होती. पाहुण्यांनी खिचडी चाखली आणि चव चांगली आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लडकू घरी आला. लडकू मामांचा चुलत भाऊ, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. तो बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, लोक बोलायला लागलेत. पोरांच्या तोंडातल्या घासाचा प्रश्न आहे. त्यात तो आजार असा, लागतो की लागत नाय, आपल्याला काय कळणार? तेव्हा वैनींनी आता आराम करावा. सध्या भिमा शिजवील. हे तो आत्याकडे न बघता मामांशी बोलला. मामा खाली बघत बसले. आत्या दारात उभी होती. लडकू गेल्यावर ती आत गेली आणि चहाचे कप विसळत बसली.

मी गेले तेव्हा जानेवारी लागला होता. तिला बघून मला धक्काच बसला. हाताच्या शिरा दिसत होत्या. घरी असूनही ती दिवसभर खात नव्हती, भीतीच बसली होती. भिमाकडून मला शाळेतलं कळलं आणि मग आत्याला खोदून विचारल्यावर बाकीचं. माझं डोकं फिरलं. मी ओळखीच्यांची इको गाडी ठरवली, सीटवर प्लास्टिक आणि चादर घातली, जागोजागी पेट्रोल पंपांवर थांबत तिला मुंबईला नेलं.

डॉक्टर नवीन होते, तरुण. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि हसून म्हणाले की रिपोर्ट अगदी स्वच्छ आहे, आता पुढच्या वर्षी या. आत्या नेहमीप्रमाणे उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पळापळ, रक्त, उपास, बोअरिंग.

डॉक्टर म्हणाले, "हो, लाईटनंतर असं होतं. आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. बऱ्याच जणींना होतं."

आत्यानं मान वर केली. "बऱ्याच जणींना?"

"हो."

"मग मला का नाय सांगितलं?"

"मावशी, तेव्हा तुमचा जीव वाचवायचा होता."

"वाचला," आत्या म्हणाली. "त्याला वर्षं झाली. त्याच्यानंतर दर वेळी मी हितंच येते ना? तुमी गाठ बघता नि धाडून देता. गाठ ज्या बाईच्या पोटात व्हती, तिचं काय चाललंय, ते कोन बघनार?"

 त्या माणसाचं एक मानलं पाहिजे, तो चिडला नाही. खुर्ची वळवून समोर बसला आणि पहिल्यापासून विचारायला लागला. मग दुसऱ्या विभागात पाठवलं. दुर्बिणीनं तपासणी झाली. आत भाजल्यासारखी जखम होती, वर्षानुवर्षांची. खालून घ्यायचं औषध दिलं, काय खावं, काय टाळावं ते सांगितलं, रक्त थांबलं नाही तर लेझरनं बंद करता येतं हेही सांगितलं. एका बाईनं तिला वेगळं बसवून नवरा-बायकोच्या गोष्टींबद्दल समजावलं. हे सगळं त्याच इमारतीत होतं, वरच्या मजल्यावर. इतकी वर्षं आम्ही खालच्या मजल्यावरून परत जात होतो.

परत येताना मला वाटलं आत्या रडेल. ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी समजत व्हते, माझंच काय पाप असंल." त्यानंतर पडघ्यापर्यंत तिचा चेहरा बघून मला भीती वाटत होती.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. मी मुद्दाम थांबले होते. सरपंच ताराबाई, पण सभेत तिचा नवराच बोलतो, ती शेजारी बसते. पाणी झालं, रस्ता झाला. मग आत्या उठली आणि म्हणाली, मला बोलायचंय.

"मला कॅन्सर झाला व्हता, ते सगळ्यांना म्हाईत. तो गेला. त्याच्या लाईटनं माझं आतडं भाजलं. मला संडासला लागली की धरवत नाय. हे मी सभेत बोलते, कारन तुमी दोन महिने माझ्या पाठीमागं बोलताय."

 लडकू उठला आणि हळूच म्हणाला, "वैनी, ह्या बायकांच्या गोष्टी. चारचौघांत बरं नाय दिसत."

"संडासला बायकाच जातात काय, भाऊजी?"

मागून कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. हसणारा कोण, ते तिनं मान वळवून बघितलं, आणि तो थांबला.

"ज्या संडासाची किल्ली मला दिली नाय," ती म्हणाली, "तो त्याच सकाळी मी धुतला व्हता. धुवायला माझा हात चालतो. पोरांना घास वाढायला चालत नाय. हे कसं, ते मला कोनीतरी समजावून सांगा."

 सर उभे राहून म्हणाले, तो संडास कर्मचाऱ्यांसाठी आहे, तसा नियम आहे. तेव्हा भिमा उठली. भिमाच्या घरी शेत नाही, आत्याच्या जागी मिळालेलं ते काम तिला पाहिजेच होतं. गप्प बसली असती तर तिचं काही गेलं नसतं. ती म्हणाली, "मी पन सकाळपासून पानी पीत नाय. मला कायबी रोग नाय. मग आमी कोन, कर्मचारी नाय काय?" पाठोपाठ अंगणवाडीची बाई म्हणाली, आमच्याकडे तर कुलूपसुद्धा नाही, संडासच नाही. मागच्या बायका एकमेकींत बोलायला लागल्या, आणि तो आवाज थांबेना.

ताराबाईचा नवरा म्हणाला, विषय पुढच्या सभेत घेऊ. ताराबाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुलूप उद्या निघंल," ती म्हणाली. "माझा शब्द हाय."

लडकूनं तेवढ्यात मधला रस्ता काढला. कुलूप निघेल, पण कामावर परत यायचं तर हा आजार लागत नाही असा डॉक्टरांचा दाखला वैनींनी आणावा, म्हणजे लोकांचं समाधान होईल.

आत्या म्हणाली, "लागतो असं तुमी बोललात. दाखला तुमी आना." आणि खाली बसली.

कुलूप दुसऱ्या दिवशी निघालं नाही. सर रजेवर गेले, मग किल्ली सापडेना, शेवटी ताराबाई स्वतः शाळेत जाऊन उभी राहिली तेव्हा निघालं. आत्याला काम मात्र परत मिळालं नाही. दाखल्यावर सगळं अडकलं. तसा दाखला मिळणं काही अवघड नव्हतं, मी फोन केला असता तरी झालं असतं. मामाही म्हणाले, आणू या आपण, कशाला वाद? ती म्हणाली, मी चोरी केली नाय की चोरी केली नसल्याचा दाखला दाखवत फिरू. मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांनी पडवीतलं अंथरूण आत नेलं, तेही त्याच दिवसांत. त्यापुढचं मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही.

उन्हाळाभर ती घरीच होती. लोक समजावायला यायचे. लडकू घरचाच माणूस, मोठेपणानं घ्यावं, देवानं जीव वाचवला त्याचं समाधान मानावं. ती चहा द्यायची आणि विचारायची, तुमी मानता काय समाधान, दिवसभर पानी न पिता? मग ते उठून जायचे. तोंडाळ हे नाव तेव्हा पडलं.

आत्या बरी नाही, हे मी इथं स्पष्ट सांगते. औषधानं रक्त कमी झालंय. कळ आली तरी आता घरातल्या घरात पोचता येईल इतका वेळ मिळतो. ती सकाळी भाकरी खाते. पण एक पाय संध्याकाळी सुजतो, तोही त्या उपचाराचाच परिणाम असं डॉक्टर म्हणतात, आणि तो उतरत नाही. लेझरसाठी पुन्हा जायचं आहे. हे असंच चालणार, कमी होईल, जाणार नाही. ज्या उपचारानं ती जगली त्याबद्दल तिची तक्रार नाही. तिला राग आहे तो ह्याचा की जगल्यानंतर तिच्याशी कुणी बोललं नाही, आणि ती बोलली तर कुणाला ऐकायचं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. भिमानं समितीला सांगितलं, मी एकटी शिजवणार नाही. गोजर वैनी येणार असली तर मी येते, नाहीतर दुसरी बघा. दुसरी मिळाली नाही. लावणीच्या तोंडावर कोण येणार? मग लडकूनं भिमाकडूनच निरोप पाठवला, सोमवारपासून या. दाखल्याचं नाव नाही. चूक झाली असंही कुणी म्हटलं नाही.

मला वाटलं ती जाणार नाही. ती गेली. त्या सोमवारी मीही तिच्याकडेच होते, शाळेपर्यंत बरोबर गेले. तिनं पदर खोचला, तांदूळ निवडायला घेतला नाही, आधी थेट त्या शिक्षकांच्या संडासाकडे गेली. कुलूप नव्हतं. दार उघडलं. आत बादली कोरडी, ड्रम कोरडा. ती तशीच वळली आणि सरांच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते.

"पानी नाय संडासात," ती म्हणाली. "भरून घ्या. मग शेगडी पेटवते."

सरांनी दोन मोठ्या मुलांना उठायला खूण केली.

"पोरांना नको. ती शिकायला आली. तुमी भरा."

सरांनी खडू खाली ठेवला.  मग ते खाली उतरले, बादली उचलली आणि बोअरिंगकडे गेले. आत्या स्वयंपाकखोलीच्या पायरीवर जाऊन बसली. भिमानं विचारलं, तांदूळ धुऊ का? ती म्हणाली, बस जरा. दोघी पायरीवर बसून राहिल्या. सर भरली बादली घेऊन आले, ती ड्रममध्ये ओतली, पुन्हा गेले. त्यांचा शर्ट एका बाजूनं भिजला होता. ड्रम भरेपर्यंत आत्या उठली नाही.

त्या दिवशी मुलांना जेवण उशिरा मिळालं. गावात त्याबद्दलही बोललं गेलंच.